हरण्याचा श्रावण : केळीच्या एका गावातलं प्रकरण

केळीच्या पानावर पिवळ्या रेघा दिसल्या की आमच्या पट्ट्यात एकच शब्द निघतो, हरण्या. सरकारी पत्रकात त्याला सीएमव्ही लिहितात, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. हा रोग काकडीपासून मिरचीपर्यंत शेकडो वनस्पतींवर राहतो आणि मावा या रस शोषणाऱ्या बारीक किडीच्या सोंडेवरून केळीत येतो. २०२२ च्या श्रावणात तो सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात आला. जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर पट्ट्यातलं हे गाव. त्याचं नाव मी देत नाही आणि माणसांचीही नावं देत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांनीच तसं सांगितलं. त्या दिवसांत हिशेबाची वही माझ्याकडे होती. बहुतेक बैठकींना मी हजर होतो आणि जे इथे मांडतोय ते वहीतून आणि आठवणीतून.

हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण त्या रोगावरचा उपाय सगळ्यांना ठाऊक होता आणि तरीही कोणी करत नव्हतं. रोगट झाड मुळासकट उपटायचं आणि पुरायचं, एवढाच तो उपाय. जळगावच्या केळी संशोधन केंद्राचा सल्ला तोच, पालच्या कृषी विज्ञान केंद्राचाही तोच. पण एकट्याने उपटून उपयोग नाही. शेजाऱ्याच्या बागेत रोगट झाडं उभी राहिली तर मावा आठ दिवसांत परत येतो. सगळ्या शिवाराने एकाच आठवड्यात तोटा अंगावर घ्यायचा होता. पहिला कोण, हे कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नसतं. ते कोडं सोडवलं एका कृषी केंद्राच्या, म्हणजे खत-औषधांच्या दुकानाच्या, मालकाने, एका रोपवाटिकावाल्याने, एका केळी व्यापाऱ्याने, गावच्या कीर्तनकार महाराजांनी आणि मशिदीच्या इमामसाहेबांनी. त्यांनी ते पूर्ण सोडवलं असं नाही, पण बाग वाचावी इतकं नक्की सोडवलं.

हात का धजत नव्हता

मृगबागेची लागवड जून-जुलैत होते. पाच बाय पाच फुटांवर लावलं तर एकरात साधारण १,७४० रोपं बसतात. टिश्यू कल्चरचं रोप पंधरा रुपयांच्या आसपास धरलं तरी नुसत्या रोपांचे एकरी २६ हजार झाले. त्यात नांगरट, लागवडीच्या वेळचं खत (बेसल डोस), ठिबकच्या नळ्या आणि मजुरी मिळवा. हरण्या दिसतो तो याच वयात. रोप दीड-दोन महिन्यांचं असतं, पानं हातभर झालेली असतात, आणि शेतकऱ्याचा सगळा खर्च मातीत गेलेला असतो, हाती मात्र एक रुपयाही आलेला नसतो.

आधी पानावर तुटक पिवळ्या रेघा येतात. मग कडा वाकड्या होतात, पान आखडतं, पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, सडतो. झाड खुजं राहतं. जगलंच तर निसवत नाही, म्हणजे घड बाहेर पडत नाही, आणि निसवलं तरी त्या घडाला कोणी विचारत नाही. पण सुरुवातीला ते झाड दुरून हिरवंच दिसतं. शेतकऱ्याचा हात तिथेच अडतो. आमच्या आळीतले एक नाना रोज सकाळी बागेत जायचे, रेघावाल्या झाडापाशी बसायचे आणि परत यायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मी उपटू आन् शेजारी ठेवू राह्यला, तर मी एकटाच मेलो ना भाऊ." त्यांच्या शेजाऱ्याला विचारलं तर तोही नानांचं नाव पुढे करून हेच म्हणाला.

पिकाचा विमा होता, पण केळीचा विमा हवामानावर चालतो. कमी तापमान, जादा तापमान, वेगाचा वारा, गारपीट असं काही झालं तर पैसे मिळतात. विषाणूचा रोग त्यात बसत नाही. सोसायटीचं कर्ज डोक्यावर, कृषी केंद्राची उधारी वहीत. ज्यांनी नफ्याने, म्हणजे खंडाने, शेत घेतलं होतं त्यांनी वर्षाचे पैसे मालकाला आधीच मोजलेले. अशा माणसाला 'तुझी पाचशे झाडं उपट' म्हणणं सोपं नाही.

मग माणूस काय करतो? फवारतो. त्या ऑगस्टमध्ये आभाळ उघडतच नव्हतं. रिमझिम, ढग आणि दमट गारवा, म्हणजे माव्याला आणि विषाणूला हवं तसंच हवामान. लोक दर चार दिवसांनी पाठीला पंप लावून बागेत जात होते. माव्यावर फवारणी करायला हरकत नाही, करायलाच हवी. पण हा विषाणू माव्याच्या पोटात मुरत नाही, सोंडेच्या टोकावर बसून जातो. मावा रोगट पानावर काही सेकंद सोंड टोचतो आणि उडून निरोगी पानावर टोचतो. औषधाने तो मरतो तेव्हा त्याचं काम उरकलेलं असतं. रोगट झाड शिवारात उभं असेपर्यंत फवारणी म्हणजे गळक्या छपराखाली रोज घर पुसत बसणं.

दुकानाच्या दारातली पाटी

गावातल्या सगळ्यात मोठ्या कृषी केंद्राबाहेर एक काळी पाटी आहे. तिच्यावर खतांचे भाव खडूने लिहिलेले असतात. एका सकाळी भाव पुसलेले होते आणि तिथे लिहिलं होतं : 'हरण्यावर औषध नाही. झाड उपटा. फवारणी फक्त माव्यासाठी, तीही उपटल्यावर.'

हे त्या माणसाने लिहिलं, ज्याच्या गल्ल्यात त्या महिन्यात फवारणीच्या औषधांचे सगळ्यात जास्त पैसे आले होते. गावात चर्चा झाली. कंपनीचा माणूस येऊन नाराजी सांगून गेला. मी शेठना विचारलं, असं का केलं? त्यांनी जे सांगितलं ते मी त्याच रात्री वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं : "औषध मी रोखीने थोडंच विकतो? उधारीने विकतो. बाग गेली की उधारी गेली. आज मी त्यांना बाटली विकली आणि कापणीला त्यांच्याकडे काहीच नसलं, तर बुडणार मीच."

मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. शेठनी त्याग केल्याचा आव आणला नाही. गावात दुकान टाकणाऱ्याचं नशीब गावाच्या पिकाला बांधलेलं असतं, आणि उधारीची वही ही गाठ दोन्ही बाजूंनी आवळते. बाहेरून येऊन माल टाकून जाणाऱ्याला ही गाठ नसते. स्थानिक उद्योजक समाजाची सेवा करतात असं म्हणताना आपण देणगीच्या पाट्या मोजतो. मला वाटतं त्या खडूच्या तीन ओळी कुठल्याही देणगीपेक्षा मोठ्या होत्या, कारण त्या ओळी लिहायला स्वतःच्या धंद्याविषयी खरं बोलावं लागलं.

पण पाटीने कोणी झाड उपटलं नाही. लोकांनी वाचली, मान हलवली, आणि शेजारच्या दुकानातून औषध आणलं. दुकानदाराच्या शब्दाला हिशेबापुरता मान असतो. 'तोटा सोस' हे दुकानदाराच्या तोंडून कोणी ऐकून घेत नाही. शेठना हे कळत होतं. म्हणून ते त्या संध्याकाळी विठ्ठल मंदिरात हरिपाठाला जाऊन बसले आणि हरिपाठ संपल्यावर महाराजांना बाजूला घेऊन बोलले.

महाराज गावचेच. वर्षातले चार महिने कीर्तनाला बाहेर, एरवी दोन एकर नफ्याने करतात. त्यांच्याही बागेत हरण्या होता. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. म्हणाले, "माझ्या बागेत तो उभा असताना मी लोकांना काय सांगू?" दुसऱ्या दिवशी पहाटे ते आणि त्यांचा मुलगा बागेत गेले. दुपारी तिकडून जाणाऱ्यांनी पाहिलं की महाराजांची बाग तोंडातले दात पडावेत तशी जागोजाग मोकळी झाली होती. गावात बातमी गेली. संध्याकाळी हरिपाठाला नेहमीपेक्षा दुप्पट माणसं आली. महाराज फार बोलले नाहीत. किती झाडं काढली, ती कुठे पुरली, रोपांचे किती पैसे गेले, एवढंच सांगितलं. मग म्हणाले, "उद्या कोण येतंय माझ्यासोबत?" पाचेक हात वर झाले. त्यात नाना होते.

मजुरी कोणी द्यायची

इथपर्यंतची गोष्ट गावात आवडीने सांगितली जाते. पुढची कमी सांगतात, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

आमच्या गावात केळीचं अंगमेहनतीचं काम बहुतांशी तडवी आणि पावरा या आदिवासी समाजांतले मजूर करतात. तडवी भिल्ल समाज इस्लाम मानणारा, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या राहणारा. गावच्या मशिदीत जुम्म्याच्या नमाजाला येणाऱ्यांत तडवी पुष्कळ. पहिल्या बैठकीत असं ठरत आलं होतं की हे गावाचं संकट आहे, तर मजुरांनी दोन दिवस श्रमदान करावं. ठरवणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. महाराजांनाही ते पटलं होतं, मलाही पटलं होतं, आणि मी वहीत 'श्रमदान' असा शब्दही लिहिला होता.

इमामसाहेबांना बैठकीला बोलावलं होतं ते जुम्म्याला चार शब्द सांगावेत म्हणून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ज्याच्याकडे बाग आहे त्याचं नुकसान कमी व्हावं म्हणून आपण बसलोय. ज्याच्याकडे बाग नाही त्याची दोन दिवसांची रोटी त्यात का कापायची?" बैठक गप्प झाली. कोणीतरी म्हणालं, बाग वाचली तर कापणीला कामही त्यांनाच मिळणार. इमामसाहेब म्हणाले, "ते काम ते करतील तेव्हा त्याचे पैसे द्या. हे काम आज आहे, याचे आज द्या." मी 'श्रमदान' खोडून 'रोजंदारी' लिहिलं. वहीत ती खोड अजून आहे.

आता पैसे आणायचे कुठून? श्रावणाचा सप्ताह चालू होता. शेवटी काल्याचं कीर्तन आणि मोठी पंगत व्हायची, वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि बट्टीवर तूप. त्यासाठी वर्गणी गोळा झालेली होती. महाराजांनी सुचवलं की पंगत साधी करू आणि उरलेली वर्गणी मजुरीला लावू. त्यांनी स्वतःची बिदागी आधीच सोडली होती. यावर दोन बाजूंनी विरोध आला, आणि दोन्ही बाजू ऐकण्यासारख्या होत्या.

एका जुन्या विश्वस्तांचं म्हणणं, देवाच्या नावाने घेतलेला पैसा शेताच्या कामाला लावता येत नाही. कायद्याच्या बाजूने ते बरोबर होते. मंदिराचा ट्रस्ट नोंदणीकृत, दानपेटीचा हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जाणारा. म्हणून दानपेटीला हात लावायचा नाही असं ठरलं. फक्त पंगतीची वर्गणी घ्यायची, आणि तीही ज्याने दिली त्याला घरी जाऊन विचारून. आम्ही दोघं-तिघं यादी घेऊन फिरलो. काहींनी नाही म्हटलं, त्यांचे पैसे पंगतीलाच राहिले. ज्यांनी हो म्हटलं त्यांच्या नावापुढे सही घेतली. हे काम किचकट वाटलं होतं, पण पुढे कधीही 'देवाचे पैसे खाल्ले' असा शब्द गावात उठला नाही तो या सह्यांमुळे.

दुसरा विरोध एका मावशींनी केला. त्या दर पंगतीला चुलीपाशी असतात. म्हणाल्या, "बट्टी काढा, तूप काढा, पण पंगत मोडू नका. वस्तीवरची पोरं वर्षातून दोनदा पोटभर जेवतात, त्यातली एक ही पंगत." हे आम्हा कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पंगत राहिली, वरण-भात आणि भाजीची.

इमामसाहेबांच्या बाजूलाही हा प्रश्न होता. गावातल्या काही मुस्लिम व्यापाऱ्यांनी सुचवलं की जकातीतून, म्हणजे इस्लामने बंधनकारक केलेल्या दानातून, मजुरी देऊ. त्यांनी स्पष्ट नकार दिला. जकात हक्कदाराला द्यायची असते. मजुरी ही कामाची किंमत आहे, ती हक्क म्हणून द्यायची, जकात म्हणून नाही. त्यासाठी वेगळा चंदा करा, असं ते म्हणाले. पण कर्जात बुडालेल्याला जकात देता येते, ही गोष्टही त्यांनीच सांगितली. दोन तडवी कुटुंबांनी नफ्याने शेत घेऊन केळी लावली होती आणि त्यांची जवळजवळ सगळी बाग गेली होती. त्यांचं देणं फेडायला जकातीचा काही भाग गेला. ती रक्कम माझ्या वहीत आली नाही, कारण घेणाऱ्याचं नाव लोकांत यावं असं इमामसाहेबांना वाटत नव्हतं. मला ते योग्य वाटलं.

वहीच्या दोन प्रती ठेवल्या. एक मंदिरात आणि एक मशिदीत. दर शुक्रवारी दुपारी तिथे आणि संध्याकाळी इथे जमा-खर्च मोठ्याने वाचला जायचा. वाचताना माझा आवाज पहिल्या दिवशी थरथरला होता, कारण ज्यांनी काहीच दिलं नव्हतं तेही समोर बसलेले असायचे. पण वाचन फक्त दिलेल्यांचं व्हायचं. न देणाऱ्यांचं नाव काढायचं नाही, हा महाराजांचा नियम होता.

पोळ्याच्या आत

ठरलं ते असं की पोळ्याच्या आत शिवार साफ करायचं. सुरुवात पश्चिमेच्या टोकाकडून, कारण पावसाळ्यात आमच्याकडे वारा तिकडून येतो आणि पंख फुटलेला मावा वाऱ्यासोबत पुढे सरकतो. हे गणित मांडलं रोपवाटिकावाल्याने.

झाड रोगट आहे की नाही हे मालकाने ठरवायचं नाही आणि त्याच्या शेजाऱ्यानेही नाही. एक माणूस भजनी मंडळातला आणि एक मशिदीच्या जमातीतला, असे दोघं मिळून ओळीने फिरायचे आणि झाडाला चुन्याचा पट्टा ओढायचे. दोघांचंही एकमत झालं तरच पट्टा. यावर एका तरुणाने कुरकुर केली की आमच्या बागेत मशिदीच्या माणसाचं काय काम. त्याला उत्तर दिलं ऐंशीच्या घरातल्या एका आबांनी. ते जळगावात नोकरी केलेले. म्हणाले, "कार्तिकी एकादशीला जळगावात रामाचा रथ निघतो, तो १८७२ साली अप्पा महाराजांनी सुरू केला. तो रथ भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीपाशी थांबतो, तिथे चादर चढते, मग पुढे जातो. रामाच्या रथाला चालतं ते तुझ्या केळीला चालत नाही का?" तो तरुण पुढे चुन्याची बादली घेऊन त्याच जोडीसोबत फिरला.

खरं सांगायचं तर जोडी लावण्यामागे एकोप्याचा देखावा नव्हता. एकाच आळीतली, एकाच भावकीतली माणसं एकमेकांच्या बागेत पट्टा ओढताना डोळे झाकतात, ही भीती होती. ज्यांचं एकमेकांशी देणं-घेणं कमी, त्यांना खरं बोलणं सोपं जातं.

उपटलेली झाडं बांधावर टाकायची नाहीत आणि ओढ्यात तर अजिबात नाहीत. प्रत्येक शेतात खड्डा, त्यात झाडं, वरून चुना आणि माती. बांधावरच्या काकडी, गिलकी, गंगाफळ (भोपळा) यांच्या वेली काढायच्या, कारण विषाणू त्यांच्यावरही राहतो, तण काढायचं, आणि मग माव्याची फवारणी एकाच दिवशी सगळ्यांनी. शेठनी त्या एका फवारणीचं औषध खरेदीच्या भावात दिलं.

आता रोपवाटिकावाल्याविषयी. नांग्या, म्हणजे उपटलेल्या झाडांच्या मोकळ्या जागा, भरायला रोपं लागणार होती आणि ती त्याने उधारीने, कापणीला पैसे या बोलीवर द्यायचं कबूल केलं. लोकांनी मात्र एक अट घातली. गावात कुजबुज होती की रोग रोपांतूनच आला. मागे एका बाहेरच्या रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांत मी स्वतः फसलो होतो, तेव्हा ही शंका मलाही होती. अट अशी की आधी तुझी रोपवाटिका आम्हाला उघडून दाखव. तो रागावला. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः निरोप पाठवला. आम्ही गेलो तेव्हा जाळी एका कोपऱ्यात फाटलेली होती आणि त्या कोपऱ्यातल्या काही ट्रेमध्ये पानांवर रेघा होत्या. त्याने आमच्या देखत त्या कोपऱ्यातली सगळी रोपं, रेघावाली आणि बिनरेघांची, खड्ड्यात टाकली. जाळी त्याच दिवशी बदलली. तो तोटा त्याने कोणाकडे मागितला नाही. माझ्या मते या साऱ्या प्रकरणात सगळ्यात अवघड काम त्याने केलं. दुकानदाराला फक्त खरं सांगायचं होतं. याला स्वतःच्या मालात दोष आहे हे गिऱ्हाइकासमोर दाखवायचं होतं.

पोळ्याला बैल सजले तेव्हा शिवाराचा मोठा भाग झालेला होता. मजुरी रोजच्या रोज, संध्याकाळी, हातात दिली गेली.

जे जमलं नाही

एक मोठा शेतकरी शेवटपर्यंत तयार झाला नाही. त्याची बाग शिवाराच्या मधोमध. त्याचं म्हणणं, माझी झाडं सुधारतील. काही तरुणांनी त्याला लग्नकार्यात बोलवायचं नाही, त्याच्याकडे मजुरांनी जायचं नाही, असा ठराव करायचा म्हटलं. महाराज आणि इमामसाहेब दोघांनीही ते थांबवलं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे, हे शेठनी आठवण करून दिलं, पण कायदा नसता तरी महाराजांनी ते होऊ दिलं नसतं असं मला वाटतं. ते त्याच्या घरी चहाला गेले, केळीचा विषय काढला नाही, परत आले. त्याच्या बागेभोवतीच्या चार शेतांत पुढे पुन्हा हरण्या दिसला आणि त्या चौघांना दुसऱ्यांदा उपटावं लागलं. ते चौघं आजही म्हणतात की आपण फार मऊ वागलो. त्यांचं दुःख मी खोटं म्हणणार नाही. बळजबरी केली नाही म्हणून त्याची किंमत त्यांनी मोजली.

व्यापाऱ्याचा शब्द अर्धाच टिकला. नांग्यांतली रोपं मूळ बागेपेक्षा दोन-अडीच महिने मागे राहतात. कापणी एकसारखी येत नाही, आणि ट्रक भरेल एवढा माल एका वेळी निघत नाही. व्यापाऱ्याने कबूल केलं होतं की मागाहूनचा थोडा थोडा माल तो दोन-तीन शेतकऱ्यांचा मिळून उचलेल आणि भाव पाडणार नाही. पहिल्या दोन कापण्यांना त्याने तसं केलं. पुढे बाजार उतरला तेव्हा त्याने भाव कमी केला आणि काहींची तिसरी कापणी पडून राहिली. तो वाईट माणूस नाही. त्याने आधी दिलेला भाव खरोखर बाजारापेक्षा वर होता. पण आमची चूक अशी की शेठ आणि रोपवाटिकावाल्याचं देणं-घेणं आम्ही वहीत लिहिलं आणि व्यापाऱ्याचं तोंडीच ठेवलं. शब्दाचा मान असलेल्या दोन माणसांच्या साक्षीने तो बोलला होता, म्हणून लिहून घ्यायला आम्हाला संकोच वाटला. आज तसं झालं तर मी संकोच करणार नाही.

उधारीचं म्हणाल तर बहुतेकांनी कापणीला रोपांचे पैसे दिले. काहींचे अजून राहिले आहेत. त्यातल्या एकाच्या घरी मोठं आजारपण आलं, तेव्हा रोपवाटिकावाल्याने वहीत त्याच्या नावापुढे रेघ मारली आणि मला सांगितलं, वाचताना हे वाचू नको.

आणि एक गोष्ट आम्हाला फार उशिरा दिसली. बांधावरच्या काकडी, गिलकी, गंगाफळ काढायचं ठरलं ते पुरुषांच्या बैठकीत. त्या वेली घरच्या बायकांच्या. केळीचा पैसा घरात येतो तो वर्षा-सव्वा वर्षाने आणि बहुधा पुरुषाच्या हातात. बांधावरची भाजी आठवडे बाजारात जाते, आणि तो पैसा बाईच्या पदरच्या गाठीत येतो. त्यातून पोरांच्या वह्या येतात, माहेरी जायचं भाडं येतं. आम्ही एका संध्याकाळी तो बंद केला, आणि कोणाच्या जमा-खर्चात त्याची नोंद नाही. पंगतीचं मावशींना सुचलं ते त्या चुलीपाशी होत्या म्हणून. बांधाच्या बैठकीला चुलीपाशी कोणी नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मृगाच्या आधी शेठच्या पाटीवर परत लिहिलं गेलं, 'बांधावर काकडी-भोपळा लावू नका.' त्याच दिवशी मावशी दुकानात आल्या. शेठना म्हणाल्या, "लावत नाही. मग काय लावू ते पण लिहा ना." शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी वही उघडून नवं पान घेतलं आणि वर लिहिलं 'बांध'. महाराजांना आणि इमामसाहेबांना निरोप गेला की येत्या शुक्रवारी वाचन झाल्यावर बैठक आहे, आणि या वेळी घरच्या बायकांना आधी बोलावणं आहे.